बावीस नंबरची रजा

विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात खिडक्या दोन, कपाटं एकोणीस आणि किल्ल्यांचा जुडगा एकच. तो रेकॉर्डबाईंच्या कमरेला. तीस वर्षांत सात कुलगुरू आले नि गेले, पण बाईंना विचारल्याशिवाय कुणालाच कपाट उघडता आलं नाही. एका कुलगुरूंना स्वतःचीच जुनी गुणपत्रिका हवी होती, तर बाईंनी त्यांच्याकडं ओळखपत्र मागितलं. त्यांनी ते दिलं, आणि पावतीवर सहीही केली. बाई नाकावर माशी बसू देत नाहीत, असं सगळे म्हणत. बाई म्हणत, माशीनं आधी अर्ज करावा.

अशा बाई वर्षातून एकदा विरघळत, आणि तो दिवस म्हणजे रजेचा दिवस.

ही रजेची गोष्ट अडतीस वर्षांची. लढाई सुरू झाली तेव्हा ऐन सत्रातून एक्केचाळीस मुलं वर्ग सोडून गेली. नियम असा, की तीस दिवस सलग गैरहजर राहणाऱ्याचं नाव पटावरून कमी करायचं. त्या वेळचे कुलसचिव नियमाला इतके पक्के, की घड्याळानं त्यांच्याकडं बघून वेळ लावावी. पण तिसाव्या दिवशी त्यांचं पेन काही उठेना. त्यांनी रात्रभर नियमपुस्तक चाळलं आणि सकाळी पोरांच्या घरोघर पत्रं धाडली: विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करणं शक्य नसल्यास नातेवाइकानं रजेचा अर्ज करावा, म्हणजे नाव राहील.

लढाई संपली. चौघं परत येऊन वर्गात बसले. सदतीस आले नाहीत. पण रजा एक वर्षाचीच असते. वर्ष सरलं तशा आया खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, आता अर्ज करून काय उपयोग. कुलसचिव मान खाली घालून म्हणाले, "ताई, अर्ज आला नाही तर मला नाव कापावं लागेल." तिनं तिथंच कागद मागितला.

तेव्हापासून ही रीत पडली. दर वर्षी ठरलेल्या शुक्रवारी सदतीस अर्ज मोठ्या सभागृहात वाचायचे आणि प्रत्येक अर्जानंतर सगळ्या सभागृहानं म्हणायचं, "मंजूर." नावं सगळ्यांना पाठ, तरी बोलताना यादीतला क्रमांकच यायचा, लाडाचं नाव असावं तसा. आमचा सहा नंबर, तुमचा एकोणतीस नंबर. आणि कारणं? कुणी कधी मरण हे कारण लिहिलं नाही. कुणी लिही, घरी रंगकाम काढलंय. कुणी लिही, त्याला इतक्यात यायचा कंटाळा आलाय. लंबूची ताई तर घरची सगळी खबरबात लिहायची: भाची नोकरीला लागली, वडिलांचा गुडघा धरला, मागच्या भिंतीला ओल आली, सबब आमच्या लंबूला या वर्षी येता येत नाही. लंबू म्हणजे यादीतला एकवीस नंबर. त्याची उंची अशी, की गणवेश शिवणाऱ्या शिंप्यानं स्टूल मागवलं होतं.

ज्याचं घरचं कुणी उरलं नाही, त्याचा अर्ज विद्यापीठातलंच कुणीतरी पत्करायचं. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याकडं एक होता, माळ्याकडं दोन. रेकॉर्डबाईंकडं बावीस नंबर. तो आधीपासूनच पोरका. लांबच्या मामानं वाढवलेला, आणि मामानं कधी पत्राचं उत्तर दिलं नाही. आधीची वर्षं जुने कुलसचिवच त्याचा अर्ज लिहीत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाईंनी त्याला पदरात घेतलं, आणि अठ्ठावीस वर्षं त्याला आळशी धाकट्या दिरासारखं वागवलं. एका वर्षी त्याला गाडी चुकली. एका वर्षी त्याला पोहायला शिकायचं खूळ लागलं. एकदा त्यानं मिशी ठेवली होती आणि ती नीट येईपर्यंत त्याला चारचौघांत यायचं नव्हतं. तेव्हा सभागृह हसून मंजूर म्हणालं होतं. बाईंचं वय वाढत गेलं. बावीस नंबर वीस वर्षांचाच राहिला.

या वर्षी नवीन कुलसचिवांच्या मनात आलं, की सभागृहाच्या दारात एक दगडी फलक बसवावा. माणूस भला, पण उरकून टाकण्याची हौस दांडगी. त्यांनी सोमवारी बाईंना सांगितलं, की लढाईत कामी आलेल्या सदतीस जणांची यादी तुमच्या सहीनं शुक्रवारी दगडवाल्याकडं जाऊ दे.

"लढाईत कामी आले, असं लिहून देऊ?" बाईंनी विचारलं.

"मग दुसरं काय लिहिणार, बाई?"

बाई किल्ल्या सावरत आपल्या विभागात परतल्या. पण रजेवर लिहिणं वेगळं आणि कामी आले लिहिणं वेगळं. दुसऱ्याला पुरावा लागतो. त्यांनी सातवं कपाट उघडलं आणि सैन्याकडून आलेली पत्रं मोजली. छत्तीस भरली. पुन्हा मोजली, कपाटामागं बघितलं, झाडणाऱ्या मावशींनाही विचारून झालं. छत्तीसच. बावीस नंबरचं पत्र नव्हतं, आणि ते कधी आल्याची आवक नोंदही नव्हती.

अडतीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. इथल्या माणसाला पडणार नाही. खिडकीशी अर्ज घेऊन उभ्या असलेल्या आईला, मुलगा गेल्याचं पत्र आणलंय का, हे कोण विचारणार? एकीला विचारायचं नाही, म्हणून कुणालाच विचारायचं नाही, असं ठरून गेलं होतं. एरवी चहाच्या पावतीवर दोन सह्या मागणारं हे कार्यालय त्या एका खिडकीशी आंधळं झालं होतं.

बाई मात्र आता हट्टाला पेटल्या. माणूस चार ठिकाणी वावरला तर चार वह्यांत सापडतो, हा त्यांचा अनुभव. वाचनालयाच्या वहीत बावीस नंबरचं एक पुस्तक परत आलं नव्हतं. वसतिगृहाच्या वहीत खोली सात, तिघांची: एकवीस, बावीस, तेवीस. मंगळवारी सकाळी त्या भौतिकशास्त्राच्या भांडारात गेल्या आणि उपकरणं देण्याघेण्याची जुनी वही मागितली. तिथं सापडलं. भिंगांचा संच, एक. नेला लढाईच्या आधी दोन आठवडे. आणि पुढच्या रकान्यात, परत. तारीख लढाई संपल्यानंतर चौदा महिन्यांची. खाली बावीस नंबरची सही आणि शेजारी संच ताब्यात घेणाऱ्या प्रयोगशाळा सहायकाची.

ती दुसरी सही बाईंनी बघितली आणि चष्मा काढून पुसला. शेवटच्या अक्षराला मांजराच्या शेपटीसारखा झोका. हीच सही त्यांच्या लग्नाच्या नोंदीत होती.

बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते आणि आता घरी इस्त्री करत. मनापासून करत, रुमालालाही धार आणत. बाई मधल्या सुट्टीत घरी आल्या, वहीतला उतारा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"ही सही कुणाची?"

यजमानांनी इस्त्री आधी उभी केली, मग कागद बघितला, मग पुन्हा इस्त्रीकडं बघितलं, जणू उत्तर तिच्याकडं असावं. "माझीच दिसतेय," ते म्हणाले.

"दिसतेय?"

"अगं, आहे. माझीच आहे."

मग हळूहळू सगळं निघालं. एका संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना तो दारात आला होता. वाळून काडी झालेला, दाढी वाढलेली, हातात भिंगांची पेटी. सगळी भिंगं पुसून, कापडात गुंडाळून आणलेली. सही केली आणि म्हणाला, मी आलो होतो हे कुणाला सांगू नका. यजमान तेव्हा तेवीस वर्षांचे. शब्द दिला. नंतर तो दुसऱ्या गावी भिंगं घासायचं काम शिकला आणि पंचवीस वर्षांपूर्वी परत इथंच आला.

"इथंच म्हणजे कुठं?"

यजमानांनी बोट दाखवलं. ते बाईंच्या नाकाकडं होतं, म्हणजे नाकावरच्या चष्म्याकडं.

विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या भाऊंकडं बाईंचे सहा चष्मे झाले होते. दुसरीकडं कुठं जायचं नाही, हा यजमानांचाच आग्रह. आणि त्या चष्म्यांतून त्या दर वर्षी बावीस नंबरला गाडी चुकवत होत्या. जेवणाच्या टेबलाशी बसून त्या विचारायच्या, अहो, या वर्षी त्याला काय झालं असं लिहू? आणि हा माणूस समोर बसून सुचवायचा. मिशीचं तर ह्यांनीच सुचवलं होतं.

"इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत," बाई म्हणाल्या.

"शब्द दिला होता गं."

"मला हसलात किती वेळा?"

"हसलो नाही," यजमान म्हणाले. "तू लिहायचीस, आणि तो दर वर्षी मागच्या रांगेत येऊन ऐकायचा. मला वाटायचं, बरं चाललंय त्याचं."

बाई अर्धं जेवण टाकून कार्यालयात परतल्या. राग होता, पण त्याला बसायला जागा मिळेना.

बुधवारी सकाळी त्यांनी कुलसचिवांना उगाच विचारल्यासारखं विचारलं, की समजा, एखादा रजेवरचा विद्यार्थी आहे, पण त्याचा अर्ज दुसऱ्याच कुणी केलेला निघाला, तर? साहेबांनी वर न बघता नियम सांगितला: स्वतः लिहू शकत असेल तर अर्ज त्याच्याच हातचा हवा. नाहीतर नाव कमी. बाईंना नियम ठाऊक होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तो मऊ होतो का, ते बघायचं होतं. झाला नाही.

दुपारी त्या मागच्या गल्लीत गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाले भाऊ खिडकीपाशी बसून एका फ्रेमचा इवलासा स्क्रू बसवत होते. डोक्यावर केस मोजके, बोटं मात्र अजून तरुण. बाईंनी वहीतला उतारा काचेच्या कपाटावर ठेवला. भाऊंनी तो वाचला, स्क्रू वाटीत ठेवला आणि खुर्ची पुढं केली.

"बसा, वहिनी. एक ना एक दिवस तुम्ही ती वही उघडणार, हे मला ठाऊक होतं. उशीरच केलात."

बाईंनी बरंच ठरवून आणलं होतं. ते सगळं विसरून त्यांनी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही. तुम्ही शिकवलंत त्या वर्षी मी तलावावर जाऊन आलो. पाय भिजवले आणि परत आलो." भाऊ हसले. "मिशी मात्र ठेवून बघितली. शोभली नाही."

मग ते आपणहून सांगू लागले. खोली सातमधले तिघं एकाच दिवशी गेले होते: लंबू, हे आणि शिट्टी. शिट्टी म्हणजे तेवीस नंबर. बोलण्याऐवजी शिट्टीच वाजवायचा, रात्री झोपेतसुद्धा. तिघं एकाच तुकडीत. ज्या सकाळी तुकडी पुढं गेली, त्या सकाळी भाऊ दवाखान्याच्या तंबूत पडून होते.

"जखम झाली होती?"

"ताप होता. साधा ताप, वहिनी. तिसऱ्या दिवशी उतरला." त्यांनी उताऱ्याची घडी घातली, पुन्हा उघडली. "ते दोघं गेले आणि मी तापातून उठलो. वर्गात येऊन काय सांगायचं होतं? नऊ वर्षांपूर्वी तुम्ही अर्जात लिहिलंत, बावीस नंबरला ताप आलाय. मी उठून बाहेर गेलो होतो."

बाईंना ते आठवत होतं. त्या वर्षी त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

त्यांनी फलकाचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. फलकावर तुमचं नाव मी जाऊ देणार नाही, तुम्ही माझ्यासमोर बसलायत. आणि यादीत ठेवायचं तर अर्ज तुमच्या हातचा हवा, उद्या पाचच्या आत, खऱ्या कारणासह. भाऊ म्हणाले, मग कापून टाका. त्यांचा आवाज चढला नाही. लंबूची ताई पहिल्या रांगेत बसते, म्हणाले. तिचा चष्मा मीच करतो. दर वेळी ती मला सांगते, आमचा लंबू असता तर तुमच्याएवढा असता. तिच्यासमोर ते कारण कसं वाचलं जाऊ देऊ?

"कापायला मला एक रेघ लागेल," बाई म्हणाल्या. "पण ती मी अठ्ठावीस वर्षं टाळलीय, भाऊ. आता तुम्ही माझ्या हातानं मारायला लावू नका."

गुरुवारी बाईंनी एकही काम धड केलं नाही. तीनदा लाल शाईचं पेन भरलं. पावणेपाचला खिडकीशी सावली पडली. भाऊ उभे होते, दुकानातला पांढरा डगला अंगावर तसाच. त्यांनी कोरा अर्ज मागितला आणि खिडकीच्या फळीवर टेकून लिहायला घेतला. चार ओळींना दहा मिनिटं लागली. मग त्यांनी कागद आत सरकवला.

बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. आणि परत बाहेर सरकवला.

"हा रकाना राहिला. रुजू होण्याची तारीख."

"बाकीच्यांचाही रिकामा असतो, वहिनी. दर वर्षी ऐकतो मी."

"बाकीच्यांना लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा काढला, डगल्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला. घड्याळात पाचला तीन मिनिटं होती आणि बाईंनी त्याच्याकडं बघायचं कटाक्षानं टाळलं. अखेर भाऊंनी विचारलं, की अठ्ठावन्नाव्या वर्षी चालतं का? बाईंनी सांगितलं, की ज्याची रजा कधी खंडित झाली नाही त्याला फेरप्रवेश लागत नाही, आणि तुमची एक दिवसानंही झालेली नाही, मी स्वतः बघितलंय. नियमात वयाचा उल्लेख नाही. भाऊंनी तारीख लिहिली. येता सोमवार.

शुक्रवारी सभागृह भरलं. पहिले वीस अर्ज नेहमीसारखे झाले. एकविसावा ताईंनी स्वतः वाचला: घरात नातू झाला, त्याचे पाय लांब आहेत, सगळे म्हणतात लंबूवर गेलाय, तो चालायला लागेपर्यंत आमच्या माणसाला सवड नाही. मंजूर. मग बाई उभ्या राहिल्या. लोक हसायच्या तयारीत बसले. बावीस नंबरची कारणं मजेची असतात, हे ठरलेलं होतं.

बाईंनी एकाच सुरात वाचलं.

"आम्ही खोली सातमधले तिघं बरोबर गेलो होतो. ते दोघं पुढं गेले त्या सकाळी मी तापानं पडून होतो. नंतर वर्गात एकट्यानं येऊन बसायचा धीर झाला नाही. आजवरची रजा मंजूर व्हावी. रुजू होण्याची तारीख, येता सोमवार. अर्जदार, स्वतः."

कुणी हसलं नाही आणि कुणी मंजूरही म्हणालं नाही. कुलसचिव बाईंकडं बघत राहिले, बाई कागदाकडं. माना हळूहळू मागं वळायला लागल्या, कारण शेवटच्या रांगेत चष्मेवाले भाऊ उभे होते आणि खाली बसायचं त्यांना सुचत नव्हतं.

ताई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत मधल्या वाटेनं शेवटपर्यंत गेल्या, त्यांच्यासमोर थांबल्या आणि चेहरा निरखून बघितला. भाऊंनीच केलेल्या चष्म्यातून.

"पंचवीस वर्षं माझे डोळे तपासतोस," ताई म्हणाल्या, "आणि एकदाही सांगितलं नाहीस?"

भाऊ डगल्याची गुंडी चाचपत राहिले.

"रोज झोपताना भांडायचात म्हणे तिघं, दिवा कुणी मालवायचा यावरनं. त्यानं पत्रात लिहिलं होतं. खरं का?"

"खरं आहे, ताई. लंबूच मालवायचा. त्याचाच हात पोचायचा."

ताईंनी त्यांच्या डगल्याची बाही धरली आणि त्या त्यांच्याच शेजारी बसल्या. तिथूनच, व्यासपीठाकडं न बघता, म्हणाल्या, "मंजूर." मग सगळं सभागृह म्हणालं. त्यानंतर तेविसावा, शिट्टीचा अर्ज. तो वसतिगृहाच्या स्वयंपाक्यानं वाचला आणि खाली उतरल्यावर भाऊंकडं जाऊन हळूच विचारलं, की पुढच्या वर्षीपासून हा तुम्ही घ्याल का, मला त्याच्याबद्दल शिट्टीपलीकडं काहीच माहीत नाही. दगडवाल्याकडं त्याच दुपारी छत्तीस नावं गेली, खाली बाईंची सही.

सोमवारी कार्यालयीन कामाच्या नावाखाली बाई भौतिकशास्त्राच्या मजल्यावर होत्या. बरोबर यजमानही होते. त्यांना कसलंच काम नव्हतं. दाराच्या काचेतून वर्ग दिसत होता. तिशीतले प्राध्यापक भाऊ आत आल्याबरोबर उठून उभे राहिले, कारण त्यांच्या नाकावरचाही चष्मा त्याच दुकानातला. भाऊ म्हणाले, "बसा, सर. मला आधीच उशीर झालाय." अर्धा वर्ग हसला. हजेरीला सरांनी क्रमांक विचारला, तर सवयीनं भाऊंच्या तोंडून बावीस निघालं. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, बावीस मी आहे, पण काका, हवा तर घ्या. भाऊ म्हणाले, नको, बाळ, तुझा तुला राहू दे, मला शेवटचा द्या. शेवटचा चौसष्ट होता. त्यांनी हजर म्हटलं आणि वही उघडली.

बाई दारापासून हलल्या. जिन्याशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, की पुढच्या वर्षी आता माझ्याकडं लिहायला कुणीच नाही.

"मी जाऊ का रजेवर?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही आधी इतकी वर्षं गप्प राहिलात त्याचा अर्ज लिहा," बाई म्हणाल्या. "कारणासकट. आणि मिशीबद्दल वेगळा."